घरातील नेहमीच्या पदार्थांनी कवळी स्वच्छ करताना : काय वापरावे, किती वेळ वापरावे आणि काय टाळावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ७४. वरच्या जबड्यात पूर्ण कवळी आहे. खालच्या जबड्यात स्वतःचे काही दात शिल्लक असल्यामुळे धातूचा सांगाडा आणि शेजारच्या खऱ्या दातांना पकडणारे धातूचे आकडे असलेली अर्धवट कवळी आहे. खालच्या कवळीला पुढच्या दातांमागे पिवळट, टणक थर चढला आहे, वरची कवळी चहा-कॉफीने डागाळली आहे आणि तोंडाला वास येतो. घरात खाण्याचा सोडा, व्हिनेगर, लिंबू, मीठ, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कपड्यांसाठी वापरतात ते ब्लीच आहे. यांपैकी काय, किती वेळ आणि कसे वापरावे, आणि कवळीच्या गोळ्या विकत घेणे आवश्यक आहे का?

आधी निष्कर्ष सांगतो आणि मग त्यामागची कारणे. रोजच्या स्वच्छतेसाठी भांडी घासण्याचा सौम्य द्रव साबण, मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरेसे आहे. दुसरा कोणताही पदार्थ त्याची जागा घेऊ शकत नाही. खाण्याचा सोडा वास घालवण्यासाठी आणि पातळ बुळबुळीत थर सैल करण्यासाठी उपयोगी आहे. पातळ केलेले व्हिनेगर टणक थरावर काम करते, परंतु धातू असलेली कवळी त्यात बुडवू नये. ब्लीच फक्त धातू नसलेल्या कवळीसाठी, पुरेसे पातळ करून आणि जास्तीत जास्त १० मिनिटे वापरावे. नेहमीची टूथपेस्ट कवळीला लावू नये. म्हणजेच वडिलांच्या दोन कवळ्या एकाच पेल्यात, एकाच द्रावणात बुडवून ठेवण्याची पद्धत असेल तर ती सर्वप्रथम बंद करावी, कारण एकीला चालते ते दुसरीला चालत नाही.

कवळीचा गुलाबी भाग बहुधा पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट या प्लॅस्टिकचा असतो, ज्याला आपण व्यवहारात ॲक्रिलिक म्हणतो. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे द्रव्य कवळ्यांसाठी वापरात आले आणि त्याने त्याआधीच्या गडद रंगाच्या कठीण रबराची जागा घेतली. रंग, वजन, दुरुस्तीची सोय या सर्वच दृष्टींनी ते चांगले ठरले. मात्र त्याच्या काही मर्यादा आहेत आणि स्वच्छतेचे बहुतेक नियम त्या मर्यादांमधूनच निघतात. पहिली मर्यादा म्हणजे ते मऊ आहे. पदार्थाचा कठीणपणा मोजण्याच्या नूप पद्धतीने नैसर्गिक दाताच्या एनॅमलचा, म्हणजे बाहेरच्या टणक आवरणाचा, आकडा ३०० च्या वर जातो, तर कवळीच्या ॲक्रिलिकचा २० च्या आसपास राहतो. दुसरी मर्यादा अशी की ते उष्णतेने आकार बदलते. तिसरी म्हणजे ते थोडे पाणी शोषून घेते आणि कोरडे पडल्यावर ते सोडते, त्यामुळे त्याच्या मापात सूक्ष्म फरक पडत राहतो.

याशिवाय एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात सहसा येत नाही. कवळीची गालाकडची आणि जिभेकडची बाजू प्रयोगशाळेत घासून गुळगुळीत, चकचकीत केलेली असते. पण हिरडीला आणि टाळूला टेकणारी आतली बाजू मुद्दाम तशी केली जात नाही, कारण ती घासली तर कवळी नीट बसणार नाही. ती बाजू त्यामुळे मुळातच थोडी खरखरीत असते आणि जंतू व बुरशी तिथेच घट्ट चिकटतात. बाहेरून दात चमकत असले तरी वास येतो तो बहुतेक वेळा या आतल्या बाजूमुळे. कवळी धुताना लोक दिसणारे दात घासतात आणि न दिसणारी बाजू पाण्याखाली धरून सोडून देतात. नेमके उलट करायला हवे.

कवळीवर जे साचते ते एकाच प्रकारचे नसते आणि म्हणून त्यावर एकच औषध नसते. अन्नाचे कण असतात. ते पाण्याने जातात. त्याखाली लाळेतील प्रथिने, जंतू आणि बुरशी यांचा बुळबुळीत, रंगहीन थर असतो. तो नुसत्या पाण्याने जात नाही, त्याला घासावेच लागते. तोच थर राहिला तर लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेटचे क्षार त्यात बसतात आणि त्याचे टणक कीटण होते. कीटण कुठे साचते हेही ठरलेले असते : लाळग्रंथींची तोंडे जिथे उघडतात तिथे, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. वडिलांच्या खालच्या कवळीवर थर नेमका पुढच्या दातांमागे आहे, यात आश्चर्य काहीच नाही. चौथा प्रकार डागांचा. चहा, कॉफी, तंबाखू आणि क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक असलेली तोंड धुण्याची औषधे यांचे रंग त्या बुळबुळीत थरात आणि कीटणात मुरतात. पुष्कळदा डाग म्हणून जे दिसते ते कवळीत मुरलेले नसून तिच्यावरच्या थरात मुरलेले असते, आणि थर गेला की डागही जातो.

आता घासण्याविषयी, कारण खरे काम तिथेच होते आणि नेमके तिथेच लोकांना घाई असते. वॉशबेसिनमध्ये थोडे पाणी साठवावे किंवा तळाशी जाड ओला टॉवेल घालावा, म्हणजे कवळी हातातून निसटली तरी फुटणार नाही. कवळ्या तोंडात जितक्या मोडतात त्याहून अधिक बेसिनवर पडून मोडतात असा माझा अनुभव आहे. खालची कवळी दोन्ही टोकांना धरून मुठीत दाबू नये, कारण ती मधोमध तडकते. जी बाजू घासत आहोत तीच बाजू बोटांत धरावी. धातूच्या सांगाड्याची कवळी तोंडातून काढताना आकडे ओढू नयेत, कारण ते वाकतात आणि पकड सैल होते. ॲक्रिलिकच्या कडेला नख लावून दोन्ही बाजूंनी सारखी उचलावी. ब्रश मऊ असावा. कवळीसाठी मिळणारा दोन तोंडांचा ब्रश सोयीचा असतो, कारण त्याचे लहान तोंड वरच्या कवळीच्या आतल्या खोलगट भागात पोहोचते. तो नसेल तर मऊ केसांचा वेगळा टूथब्रश चालतो. साबणाचे एक-दोन थेंब पुरेत. आतली बाजू आधी, मग दातांमधल्या खाचा, मग बाहेरची बाजू असा क्रम ठेवला तर उत्साह असतो तेव्हाच कठीण भाग होऊन जातो. आकड्यांची आतली बाजू, म्हणजे जी नैसर्गिक दाताला टेकते ती, लहान निमुळत्या ब्रशने साफ करावी. तिथे राहिलेला थर शेजारच्या खऱ्या दाताला कीड लावतो, आणि तो दात गेला की अर्धवट कवळीचा आधारच जातो. दोन-तीन मिनिटे घासावे आणि साबणाचा लवलेश राहणार नाही इतके विसळावे. जोर लावण्याची गरज नाही. जोर लावून निघणारी गोष्ट मुळात घासण्याने निघणारी नसते.

टूथपेस्टबद्दल मला सर्वांत जास्त वेळा समजावून सांगावे लागते, कारण दात आहेत तर दातांची पेस्ट लावावी हे तर्काला पटते. टूथपेस्टमध्ये सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटसारखे घर्षक कण असतात आणि ते एनॅमलच्या कठीणपणाचा विचार करून घातलेले असतात. मऊ ॲक्रिलिकवर तेच कण बारीक ओरखडे काढतात. सुरुवातीला कवळी स्वच्छ वाटते, काही महिन्यांत तिची चकाकी जाते, आणि त्या ओरखड्यांत थर पूर्वीपेक्षा लवकर बसतो. मग घरचे आणखी पेस्ट लावून आणखी जोराने घासतात. दात पांढरे करण्याच्या पेस्ट, दंतमंजन आणि कोळशाची पूड यांचा परिणाम याहून वाईट असतो. मीठ किंवा कोरडा सोडा बोटावर घेऊन चोळणे हेही त्याच जातीचे आहे. सोड्याचे कण बारीक असतात आणि पाण्यात विरघळतात हे खरे, तरीही रोज सोड्याचा जाड लेप करून घासण्याच्या मी बाजूचा नाही. सोडा विरघळवून वापरावा.

तो कसा, ते सांगतो. एक पेला, म्हणजे साधारण २०० मिलिलिटर, कोमट पाण्यात एक लहान चमचा खाण्याचा सोडा पूर्ण विरघळवावा आणि घासून स्वच्छ केलेली कवळी त्यात २० ते ३० मिनिटे ठेवावी. सोड्याचे द्रावण सौम्य अल्कधर्मी असते. ते वासाला कारण होणाऱ्या आम्लधर्मी पदार्थांचा जोर कमी करते आणि प्रथिनांचा चिकट थर थोडा सैल करते. ॲक्रिलिकला त्याने इजा होत नाही आणि धातूच्या सांगाड्यालाही ते त्रासदायक नसते, त्यामुळे घरातल्या सगळ्या पदार्थांत दोन्ही कवळ्यांना चालणारा हा एकच, असे मी म्हणेन. मात्र त्याच्याकडून निर्जंतुकीकरणाची अपेक्षा ठेवू नये. भिजवून झाल्यावर पुन्हा एकदा ब्रश फिरवून विसळावे. सैल झालेला थर काढून टाकला नाही तर सैल करण्याचा उपयोग काय?

व्हिनेगरचे काम वेगळे आहे. त्यात साधारण ५ टक्के ॲसेटिक आम्ल असते आणि ते कीटणातील कॅल्शियमचे क्षार हळूहळू विरघळवते. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात धातू नसलेली कवळी अर्धा तास ठेवावी, नंतर मऊ ब्रशने घासावी आणि भरपूर पाण्याने विसळावे. जाड कीटण एका वेळी जात नाही. अशा वेळी ती रात्रभर आम्लात ठेवण्यापेक्षा हाच प्रयोग काही दिवस रोज करावा आणि थर गेल्यावर आठवड्यातून एकदा इतकाच ठेवावा. लिंबाच्या रसातील सायट्रिक आम्लही हेच काम करते, परंतु रसाची तीव्रता लिंबागणिक बदलते आणि गर खाचांत अडकतो; लिंबाची फोड कवळीवर चोळण्यात तर काहीच अर्थ नाही, कारण आम्लाला वेळ लागतो, घर्षणाची गरज नसते. सुरीच्या टोकाने, पिनेने किंवा नखाने कीटण खरवडण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. थर निघतो तेव्हा त्याच्याबरोबर ॲक्रिलिकचाही तुकडा निघतो, आणि त्या खड्ड्यात पुढचा थर अधिक पक्का बसतो.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून त्यात कवळी बुडवण्याची कृती फार लोकप्रिय आहे, कारण फेस जोरात येतो आणि काहीतरी घडत असल्याचे समाधान मिळते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने घडते ते इतकेच की आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात; कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि मागे सोडियम ॲसिटेटचे पाणी उरते, ज्यात ना व्हिनेगरची कीटण विरघळवण्याची ताकद असते ना सोड्याची वास घालवण्याची. बुडबुड्यांनी काही सुटे कण हलतात, एवढाच लाभ. दोन्ही पदार्थ चांगले आहेत, म्हणून ते वेगवेगळ्या दिवशी वापरावेत.

धातूवर व्हिनेगर का नको, याचे उत्तर थोडे तपशिलाने द्यायला हवे. सांगाड्यासाठी बहुधा कोबाल्ट आणि क्रोमियमचा मिश्रधातू वापरतात. त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचे अतिशय पातळ आवरण तयार होते आणि तेच त्याचे गंजण्यापासून रक्षण करते. चुकून काही मिनिटे पातळ व्हिनेगर लागले तर आकाश कोसळत नाही. पण दर आठवड्याला तासन्‌तास आम्लात बुडवणे, आणि त्याहूनही ब्लीचमधील किंवा मिठाच्या पाण्यातील क्लोराइडच्या संपर्कात ठेवणे, हे आवरण जागोजागी कमकुवत करते. धातू काळवंडतो, त्यावर बारीक खड्डे पडतात आणि आकडे जिथे वाकतात तिथे तुटण्याची शक्यता वाढते. वडिलांच्या बाबतीत नेमकी अडचण अशी आहे की कीटण धातूच्या कवळीवर आहे. आताचा जाड थर दंतवैद्याकडून काढून घ्यावा. ध्वनिलहरींच्या कंपनांनी साफ करणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्राने तो कवळीला धक्का न लावता काही मिनिटांत निघतो. त्यानंतर पुन्हा हलका थर दिसू लागला आणि तो फक्त गुलाबी ॲक्रिलिकवर असला, तर कापसाचा बोळा पातळ व्हिनेगरमध्ये भिजवून, पिळून, त्या जागेपुरता दहा मिनिटे टेकवून ठेवावा, मग घासून पुष्कळ पाण्याने धुवावे. बोळा धातूला लागू देऊ नये.

औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड समभाग पाण्यात मिसळून आठवड्यातून एकदा २० ते ३० मिनिटे वापरता येते. त्यातून सुटणारा ऑक्सिजन डागांचा रंग फिका करतो आणि जंतूंची संख्या काही प्रमाणात कमी करतो. चहाच्या डागांसाठी घरातल्या पदार्थांत हा पर्याय मला सौम्य आणि बरा वाटतो. केसांना रंग देण्यासाठी मिळणारे तीव्र पेरॉक्साइड मात्र यासाठी नाही. तसेच पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एकाच भांड्यात मिसळू नयेत; त्यातून डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला झोंबणारे परॲसेटिक आम्ल तयार होऊ शकते.

ब्लीचकडे लोक एकतर फार घाबरून पाहतात किंवा अगदीच निष्काळजीपणे. त्यातील सोडियम हायपोक्लोराइट हे जंतू आणि बुरशी मारण्यात आणि त्यांचा थर विरघळवण्यात घरातल्या इतर सर्व पदार्थांपेक्षा प्रभावी आहे, यात शंका नाही. अमेरिकेतील कृत्रिम दात बसवणाऱ्या दंततज्ज्ञांच्या संघटनेने (अमेरिकन कॉलेज ऑफ प्रोस्थोडॉन्टिस्ट्स) २०११ मध्ये पूर्ण कवळीच्या निगेबद्दल मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत हायपोक्लोराइटमध्ये कवळी १० मिनिटांपेक्षा अधिक ठेवू नये, कवळी उकळत्या पाण्यात कधीही घालू नये, घर्षक नसलेल्या द्रव्याने रोज घासावी आणि ती सलग चोवीस तास तोंडात ठेवू नये असे स्पष्ट म्हटले आहे. घरगुती ब्लीच साधारण ५ टक्क्यांचे असल्यास एक भाग ब्लीच आणि नऊ भाग गार पाणी असे मिश्रण केले की ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते आणि तेवढे पुरते. बाटलीवरचे प्रमाण वाचल्याशिवाय हा हिशेब करू नये, आणि सुगंध किंवा डिटर्जंट घातलेले ब्लीच घेऊ नये. घड्याळ लावून दहा मिनिटे, मग वाहत्या पाण्याखाली चांगले विसळणे आणि साध्या पाण्यात काही वेळ ठेवणे, एवढे पाळले तर वरच्या पूर्ण कवळीसाठी हा उपाय अधूनमधून वापरण्यास हरकत नाही. जास्त वेळ ठेवले तर गुलाबी रंग पांढरट पडतो आणि तो परत आणता येत नाही. खालच्या कवळीला ब्लीच अजिबात लावू नये. ज्या कवळीला आतून मऊ अस्तर लावलेले असते, जी लवचिक नायलॉनची असते किंवा जी इम्प्लांटवरच्या, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या खुंट्यांवरच्या, बटणांना अडकते, तिलाही ते नको. अस्तर कडक होते आणि बटणांमधली प्लॅस्टिकची चकती लवकर खराब होते. मऊ अस्तर तर ब्रशनेही फाटू शकते, म्हणून ते साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने किंवा बोटाने हलके पुसावे आणि एरवी दंतवैद्याने सांगितलेलेच द्रावण वापरावे.

एक इशारा ठळकपणे द्यावासा वाटतो. ब्लीच आणि व्हिनेगर, ब्लीच आणि लिंबू, किंवा ब्लीच आणि कोणतेही आम्लयुक्त सफाईद्रव्य यांचा संयोग झाला की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो गंभीर इजा करू शकतो. आधी व्हिनेगरमध्ये ठेवलेली कवळी नीट न धुता ब्लीचमध्ये घालणे हेही म्हणून टाळावे. ही दोन द्रव्ये एकाच दिवशी बाहेर काढूच नयेत.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. मिठाच्या पाण्याने गुळण्या करणे हिरड्यांना बरे वाटते, पण कवळी स्वच्छ करण्यासाठी मीठ फारसे उपयोगाचे नाही आणि धातूला ते वाईट. स्पिरिट, अल्कोहोल असलेले माउथवॉश आणि नखांचा रंग काढण्याचे द्रव यांनी ॲक्रिलिकला सूक्ष्म तडे जातात किंवा ते चक्क विरघळते. उकळते पाणी सर्वांत घातक, आणि त्याचे कारण असे की कवळी साच्यात दाब आणि उष्णता देऊन घडवलेली असते. त्या प्रक्रियेत तिच्यात अडकून राहिलेला ताण पुन्हा खूप तापवल्यावर मोकळा होतो आणि कवळी वेडीवाकडी होते. डोळ्यांना हा फरक दिसेलच असे नाही, पण तोंडात ती हलू लागते. मायक्रोवेव्हमध्ये कवळी निर्जंतुक करण्याचे प्रयोग झाले आहेत, तरी घरी ते करू नये असे माझे मत आहे; धातूच्या कवळीसाठी तर प्रश्नच नाही. चिकटवण्याची पेस्ट वापरत असाल तर ती उरलेली पेस्ट कोमट पाणी आणि मऊ कापडाने आधी पुसून काढावी, नाहीतर तिच्यावरच साबण फिरत राहतो.

गोळ्यांविषयीचा प्रश्न रास्त आहे. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या बहुतेक गोळ्यांत सोडा, सायट्रिक आम्ल आणि पाण्यात पेरॉक्साइड सोडणारे पर्बोरेट किंवा परकार्बोनेट यांसारखे क्षार असतात. म्हणजे वर सांगितलेल्या घरगुती रसायनांचेच हे मोजूनमापून केलेले रूप आहे. त्यांचा फायदा असा की प्रमाण चुकत नाही आणि थरथरत्या हातांना द्रव मोजावे लागत नाही. पाकिटावर धातूच्या कवळीला चालते असे लिहिले असेल तर खालच्या कवळीसाठी त्या व्हिनेगरपेक्षा निश्चित चांगल्या. तरीही गोळी टाकली म्हणजे घासायची गरज नाही, हा समज चुकीचा आहे. काही गोळ्यांत परसल्फेट नावाचे रसायन असते आणि त्याची काहींना ॲलर्जी होते; अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये याबाबत इशारा देऊन उत्पादकांना वेष्टनावरील सूचना सुधारण्यास सांगितले होते. कवळी तोंडात असताना गोळीच्या पाण्याने गुळण्या करणे किंवा गोळी चघळणे धोक्याचे आहे, आणि द्रावणातून काढलेली कवळी न विसळता तोंडात घालू नये. घरातील वृद्ध व्यक्तीला विस्मरण असेल तर भिजवण्याचे द्रव पाणी समजून पिण्याची शक्यता खरी असते. तिथे गोळ्या आणि द्रावणे नजरेआड ठेवून फक्त साबण, ब्रश आणि पाणी यांवरच भागवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आता वासाच्या मुळाशी जाऊ. वडील रात्री कवळी काढतात का, हे प्रश्नात आलेले नाही, पण माझा पहिला संशय तिथेच जातो. झोपेत लाळ कमी होते, कवळीखालची हिरडी हवा आणि लाळ यांपासून तुटते आणि कँडिडा नावाची बुरशी तिथे फोफावते. वरची कवळी काढून टाळू पाहावा : कवळीच्या आकाराइतकाच भाग लालभडक दिसत असेल तर ती या बुरशीची लक्षणे असू शकतात. दुखत नसल्यामुळे बहुतेकांना तिचा पत्ता नसतो. अशा वेळी नुसती कवळी स्वच्छ करून भागत नाही. दंतवैद्य तोंडात लावण्याचे बुरशीरोधक औषध देतात, आणि औषध घेताना कवळीही जंतुमुक्त ठेवावी लागते, नाहीतर बुरशी कवळीवरून पुन्हा टाळूवर येते. हा त्रास तोंडापुरता राहतो असेही नाही. जपानमध्ये ८५ वर्षे व त्यावरील ५२४ व्यक्तींचा तीन वर्षे पाठपुरावा करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला. रात्री कवळी काढून ठेवणे म्हणूनच कोणत्याही सोड्या-व्हिनेगरपेक्षा मोठा उपाय आहे.

काढलेली कवळी कोरडी ठेवू नये. साध्या गार पाण्यात पूर्ण बुडेल अशी ठेवावी आणि पाणी रोज बदलावे. ज्या डबीत ती ठेवतो ती डबीही रोज साबणाने घासावी, कारण स्वच्छ कवळी घाणेरड्या डबीत ठेवण्याचा प्रकार मी वारंवार पाहतो. कवळी बाहेर असताना हिरड्या, टाळू आणि जीभ ओल्या मऊ कापडाने किंवा अगदी मऊ ब्रशने पुसून घ्याव्यात. शिल्लक असलेले खरे दात फ्लोराइडच्या टूथपेस्टने रोज दोन वेळा घासावेत. टूथपेस्टची जागा तिथे आहे. दोन्ही कामांसाठी ब्रश वेगवेगळे ठेवावेत आणि केस वाकडे झाले की बदलावेत.

वडिलांसाठी म्हणून मी असे सुचवेन. प्रत्येक जेवणानंतर दोन्ही कवळ्या काढून पाण्याखाली विसळाव्यात. झोपण्यापूर्वी दोन्ही साबणाने घासाव्यात आणि वेगवेगळ्या डब्यांत पाण्यात ठेवाव्यात. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी, पाण्यात ठेवण्याआधी, दोन्हींना अर्धा तास सोड्याचे द्रावण द्यावे. वरच्या कवळीला आठवड्यातून एकदा पातळ पेरॉक्साइड द्यावे, आणि दाढांच्या गालाकडच्या बाजूला खरखरीत थर लागत असेल तर त्याऐवजी दुसऱ्या आठवड्यात पातळ व्हिनेगर. ब्लीचची गरज बहुधा पडणारच नाही. टाळू लाल असेल आणि दंतवैद्यांनी सांगितले तरच ते वापरावे. बोट हा चांगला परीक्षक आहे : विसळल्यानंतर आतली बाजू बोटाला बुळबुळीत लागली तर ती स्वच्छ झालेली नाही, मग दिसायला कशीही असो.

हे सर्व दोन-तीन आठवडे नीट करूनही वास किंवा काळपटपणा राहिला तर दोष स्वच्छतेचा नसून कवळीचा असू शकतो. जुन्या ॲक्रिलिकमध्ये सूक्ष्म छिद्रे असतात आणि वर्षानुवर्षे त्यांत थर मुरत जातो. तो घरी निघत नाही. प्रयोगशाळेत पुन्हा पॉलिश करून, आतला भाग बदलून किंवा नवी कवळी करून तो प्रश्न सुटतो. पाच-सात वर्षे झालेली कवळी जबड्याच्या बदललेल्या आकाराला तसेही सैल होऊ लागते. कवळीखाली दोन आठवड्यांत भरून न येणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा अथवा गाठ दिसली तर मात्र स्वच्छतेच्या प्रयोगांत वेळ न घालवता तोंड तपासून घ्यावे. वर्षातून एकदा तपासणी तर त्रास नसतानाही करावी.

दंतवैद्याकडे जाताना कवळी आदल्या रात्री खास घासून, ब्लीचमध्ये घालून नेऊ नये. नेहमीसारखी धुऊन, वडिलांना घालूनच न्यावी. कीटण आणि डाग नेमके कुठे आहेत हे दिसले तर ब्रश कुठे पोहोचत नाही, कोणता आकडा सैल आहे आणि वडील कोणत्या बाजूने कमी चावतात हे आम्हा दंतवैद्यांना त्यावरून ओळखता येते. घरी आतापर्यंत कोणता पदार्थ किती दिवस वापरला तेही मोकळेपणाने सांगावे, कारण धातू काळवंडण्याचे किंवा अस्तर कडक होण्याचे कारण त्याशिवाय ठरवणे कठीण जाते.